आधी सागरगड, मग वाइन

गेली काही वर्षं जानेवारीतला एक शनिवार-रविवार आम्ही सहा मित्रमैत्रिणी अलिबागसाठी राखून ठेवतो. शनिवारी सकाळी सागरगड, संध्याकाळी वाडीत पोपटी (मडक्यात पाल्यासोबत शिजवलेल्या वालाच्या शेंगा) आणि तीन बाटल्या वाइन, रविवारी कनकेश्वराच्या देवळाच्या पायऱ्या चढून मांडव्याहून घरी. पहिल्या वर्षी आमचा क्रम चुकला होता. शुक्रवारी रात्रीच बाटल्या उघडल्या, गप्पा दोनपर्यंत चालल्या आणि गडाला निघेपर्यंत साडेनऊ वाजले. ऊन डोक्यावर आलं, पाणी संपत आलं आणि सिद्धेश्वराच्या देवळापासूनच परत फिरावं लागलं. तेव्हापासून मोठा चढ आधी आणि वाइन नंतर, हे आम्ही कधी मोडलं नाही. चार-पाच तास चालून, आंघोळ करून, पोटभर पाणी पिऊन माणूस निवांत बसला की जीभ जागी असते. चांगल्या वाइनला तशीच जीभ लागते.

गडावर बाटली न्यायची नाही, एवढं निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. किल्ल्यावर मद्यपान हा गुन्हा आहेच. शिवाय वाटेत देऊळ आहे, माचीवर लोकांची घरं आहेत आणि कड्याच्या टोकाला कठडा नाही.

कधी जायचं

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. या दिवसांत पहाटे गारवा असतो, हवा कोरडी असते आणि वालाच्या शेंगा भरलेल्या असतात. शेंगा नाहीत तर पोपटी नाही, आणि पोपटीशिवाय या सहलीला माझ्या लेखी अर्थ नाही. मार्चपासून कोकणातला घाम डोंगर चढू देत नाही. पावसाळ्यात गडाच्या पायथ्याच्या खंडाळे गावचा धोंधाणे धबधबा बघण्यासारखा असतो, पण वाट निसरडी होते आणि गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लहान बोटी बंद असतात. जोडून सुट्टी मिळते म्हणून २६ जानेवारी निवडणार असाल, तर त्या दिवशी ड्राय डे असतो हे लक्षात ठेवून खरेदी आधी उरका. वाइनसाठी महाराष्ट्रात वयाची अट २१ पूर्ण अशी आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. तो प्रत्येकाने काढून ठेवावा.

राहायची जागा

अलिबाग, वरसोली, थळ, नागाव, आक्षी, किहीम या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय मुबलक आहे. जागा ठरवताना फोनवरच तीन प्रश्न स्पष्ट विचारा. अंगणात पोपटी लावता येईल का, फ्रिजमध्ये तीन बाटल्यांची जागा मिळेल का, आणि वाइन घेतलेली घरात चालेल का. तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. बऱ्याच घरांत मालक वरच्या मजल्यावर राहतात, देवघर असतं, म्हाताऱ्या आजी असतात. “काकू, आम्ही सहा जण आहोत, रात्री जेवणाआधी थोडी वाइन घेणार, दंगा करणार नाही, तुम्हाला चालेल ना?” असं सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं. नाही म्हणाल्या तर दुसरी जागा बघायची. लपवून ठेवलेल्या बाटलीतून निवांतपणा मिळत नाही.

बाटल्या कुठल्या, किती आणि कशा न्यायच्या

कोकणात द्राक्षाची बाग का नाही, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. चार महिने कोसळणारा पाऊस आणि एरवीही बहुतेक काळ दमट हवा यांत वेलीवर डाऊनी आणि भुरी हे रोग इतके माजतात की घड हाती लागणं कठीण. घाटावर, नाशिकच्या कोरड्या हवेत आणि गार रात्रींत, तीच वेल सुखाने वाढते. तिकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा संपताना गोडी छाटणी, पण पीक एकच घेतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे आपण अलिबागच्या अंगणात बसलेलो असतो तेव्हा नाशिकला तोडणीचा हंगाम चालू झालेला असतो.

सहा जणांना तीन बाटल्या पुरतात. ७५० मिलीची एक बाटली म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. तिघींचे मिळून २२५० मिली, माणशी पावणेचारशे. दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढायच्या असतील तर याच्या वर जाऊ नये. त्याहून कमी घेतली तर उत्तमच. चौथी बाटली ‘असू दे’ म्हणून घेतली की ती उघडली जाते, हा अनुभव आहे.

मी तीन रंगांच्या तीन घेते. एक फसफसणारी, एक पांढरी, एक लाल. फसफसणाऱ्यांत दिंडोरीची शाँदों किंवा सुलाची ब्रूट. दोन्हींत दुसरं किण्वन, म्हणजे बुडबुडे आणणारं आंबणं, बाटलीतच होतं आणि बुडबुडे बारीक, टिकाऊ येतात. पांढऱ्यात चेनिन ब्लाँ घ्या. नाशिकच्या हवेला हे द्राक्ष मानवलं आहे, आणि त्यातला किंचित गोडवा नारळाच्या रसाशी, आल्या-मिरचीशी भांडत नाही. सुलाने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन्सपैकी ही एक; यॉर्क, व्हॅलोन यांचीही मिळते. लालमध्ये शिराझ. अकलूजकडच्या फ्रातेल्लीची सेत्ते ही सांजोव्हेझे आणि कॅबरने या द्राक्षांची वाइनही सुंदर आहे, पण ती भारदस्त आहे. पोपटीसोबत मला शिराझच हवी.

दुकानात बाटली निवडताना लेबलवरचं साल बघा. पांढरी असेल तर गेल्या एक-दोन वर्षांतली घ्या. काचेच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आतली मागा. घरी आणल्यावरही ऊन हाच शत्रू. एका वर्षी मी बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि वाटेत जेवायला थांबलो. गाडी दोन तास उन्हात उभी होती. संध्याकाळी चेनिन उघडली तर पेरूचा वास कुठल्या कुठे, नुसता शिजवलेल्या फळाचा वास. बाटलीत दोष नव्हता, डिकीत तिची उस्तवार झाली नव्हती. आता मासे आणायचा थर्मोकोलचा डबा धुऊन-वाळवून घेते, तळाशी बर्फाच्या पिशव्या, वर ओला पंचा, त्यात बाटल्या आडव्या, आणि डबा सीटखाली. बऱ्याच भारतीय बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं. बुचाची असेल तर बूच काढायचा स्क्रू आठवणीने घ्या. अलिबागच्या घरात तो मिळेल असं धरून चालू नका. काचेचे सहा ग्लास घरून न्या, तोंडाशी थोडे निमुळते. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि प्लास्टिकच्या ग्लासात वास धरत नाही.

शुक्रवार

मुंबईहून दोन रस्ते. गाडी घेऊन भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, साधारण तासाभरात. ही सेवा मार्च २०२० पासून आहे आणि शनिवार-रविवारचं आरक्षण आधी करावं लागतं. नाहीतर पेण-वडखळमार्गे रस्त्याने, साधारण शंभर किलोमीटर. वडखळला शुक्रवारी संध्याकाळी हमखास खोळंबा होतो, म्हणून दुपारीच निघा. पुणेकरांनी खोपोली-पेणवरून यावं. पोहोचल्यावर हलकं जेवून दहाला झोपायचं. त्या रात्री थेंबही नाही.

शनिवार सकाळ: सागरगड

सागरगड समुद्रात नाही, अलिबागच्या पाठीशी असलेल्या डोंगरावर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत याचं नाव आहे. पुढे तो आंग्र्यांकडे होता. अलिबाग-पेण रस्त्यावर अलिबागपासून पाच-सहा किलोमीटरवर खंडाळे गाव लागतं. गाडी तिथे गावकऱ्यांना विचारून, कुणाची वाट अडणार नाही अशी लावायची आणि साडेसहाला चालायला लागायचं.

पहिला तास ओढ्याच्या कडेने, मग झाडीतून चढ आहे. या टप्प्यात बोलत चालता येईल इतकाच वेग ठेवा. सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं, शेवटी नाही. शेवटी राहिलेला माणूस सतत धापा टाकत गाठायला बघतो आणि इतर थांबलेले त्याने गाठलं की लगेच निघतात, त्याला विश्रांती मिळतच नाही. सिद्धेश्वराच्या देवळाशी सावली आहे. तिथे पंधरा मिनिटं बसा, चिक्की किंवा खजूर खा. पुढे सपाटी लागते आणि माचीवरची घरं दिसतात. इथे एक-दोन पाऊलवाटा फुटतात. गावातल्या कुणालाही “दादा, गडाकडे कुठून?” असं विचारलं की हात दाखवतात. शेताच्या बांधावरून चाला, पेरलेल्यातून नाही.

खंडाळ्यापासून गडावर पोहोचायला आरामात अडीच तास. तटबंदीचे अवशेष, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ बघून दक्षिणेच्या टोकाला जा. समोर कड्यापासून सुटलेला वानरटोक सुळका उभा असतो आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्र, कुलाबा किल्ला, खांदेरी-उंदेरी दिसतात. कडा उघडा आहे. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्याला मागे ओढायला एकाने नेमलेलं असावं. आम्ही तिथे अर्धा तास कुणीही न बोलता बसतो. एका वर्षी त्या अर्ध्या तासात खालून पक्ष्यांचे आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणि वाऱ्यावर कुठूनतरी ओव्याचा वास आला होता. कुणाच्या तरी अंगणात आदल्या रात्रीची पोपटी लागली असणार.

माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि उतरेपर्यंत त्यातलं निम्मं तरी पोटात गेलं पाहिजे. टाक्याच्या पाण्यावर भिस्त ठेवू नका. बूट पकड असलेले हवेत, कारण उतरताना वाळलेल्या गवतावरून आणि सुट्या मुरमावरून पाय घसरतो. दहाला परतीला लागलात तर बारापर्यंत खाली.

दुपार

खानावळीत माशाचं जेवण घ्या, पण रस्सा बेताने, आणि सोलकढी मनसोक्त. संध्याकाळी वाइनबरोबर सोलकढी नको, कोकमाच्या आंबटापुढे वाइन पाणचट लागते. म्हणून ती हौस दुपारीच भागवायची. मग आंघोळ, दोन तास झोप. उठल्यावर पुन्हा दोन ग्लास पाणी. तहान पाण्यानेच भागवायची. तहानेने घटाघटा प्यायलेली वाइन डोक्यात जाते आणि जिभेला काहीच कळत नाही.

चारला बाटल्यांकडे वळा. फसफसणारी आणि पांढरी दुपारपासून फ्रिजमध्येच हव्यात. फ्रिज भरलेला असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ टाका. मिठामुळे पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही, आणि वीस मिनिटांत बाटली गार होते. पाणी न घालता नुसत्या बर्फात दुप्पट वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून टेकत नाहीत. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती खोली थंड देशातली. कोकणातल्या २८ अंशांच्या पडवीत शिराझ नुसती जळजळते. तिलाही दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ अंशांच्या आसपास यायला हवी.

संध्याकाळ: पोपटी आणि तीन बाटल्या

पोपटी लावायला जमेल तर जाणत्या माणसाला बोलवा, घरमालक सहसा सांगतात कोण करतं ते. स्वतः करायची तर मोठं मातीचं मडकं, भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, गावठी वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, आणि मांसाहारी असाल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर. शेंगांना जाडं मीठ आणि ओवा चोळून त्यांचा थर, मग बटाटे, कोंबडीच्या पुड्या, अंडी, पुन्हा शेंगा. पाणी एक थेंबही घालायचं नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यात सगळं शिजतं. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या, नारळाच्या सुक्या झावळ्या रचून पेटवायचं. गवताची गंजी, झाप किंवा गाडी जवळ नको, आणि पाण्याची बादली हाताशी हवी.

अर्ध्या-पाऊण तासाने तापल्या मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. पाणी चर्र करून क्षणात उडालं की झाली. मडकं फडक्याने धरून परातीत ओततात तेव्हा आधी वाफ येते, मग भांबुर्डीचा तो रानटी, थोडा कडसर, ओव्याच्या अंगाने जाणारा वास. शेंगा हिरव्याच्या काळपट झालेल्या, टरफलावर मिठाचे खडे. शेंग दातात धरून ओढायची, आतला दाणा लोण्यासारखा.

जाळ लागला की पहिली बाटली उघडायची. फसफसणारी पूर्ण गार नसेल तर बूच उसळून डोळ्याला इजा करू शकतं, आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. तार सैल करताना अंगठा बुचावरून हलवू नका. बूच घट्ट धरून बाटली फिरवा, हळूच ‘फुस्स’ आवाज यायला हवा. सोबत रव्यात तळलेले बोंबील. तेलकट, कुरकुरीत घासानंतर बुडबुडे आणि आंबटपणा तोंड स्वच्छ करतात. शाकाहारींना अळूवडी किंवा सुरणाचे काप तितकेच चालतात. अलिबागचा पांढरा कांदा चिरून ठेवायचा मोह होईल, कारण तो गोड असतो. तरी कच्चा कांदा वाइन संपल्यावर.

पांढरी आणि लाल या दोन्हींसाठी आम्ही वासाच्या वाट्या मांडतो. लहान वाट्यांत पिकलेल्या पेरूची फोड, लिंबाची साल, अननसाचा तुकडा, सिमला मिरची, नुकती कुटलेली काळी मिरी, गूळ, आणि भिजवलेले काळे मनुके. ग्लास तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरायचा, पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा, हलकेच फिरवून नाक आत घालायचं, मग एकेक वाटी हुंगायची आणि पुन्हा ग्लास. पुस्तकात दिलेले परदेशी फळांचे वास आपल्याला कधी भेटलेले नसतात, म्हणून वाइन आपली वाटत नाही. पेरू मात्र लगेच ओळखू येतो. पहिल्या वर्षी आमच्यातली एक मैत्रीण चेनिनचा ग्लास नाकाशी धरून म्हणाली, “आमच्या शाळेबाहेरच्या गाडीवरचा पेरू, मीठ लावायच्या आधीचा.” त्या दिवसापासून ती वाइन तिची झाली.

शिराझच्या वेळी मिरीची वाटी पुढे करा. वासातलं साम्य खरं आहे: शिराझच्या द्राक्षात रोटुंडोन नावाचं द्रव्य असतं आणि काळ्या मिरीतही तेच असतं. वाडीत पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असेल तर काकूंना विचारून चार दाणे घ्या आणि तिथेच ठेचा. सिमला मिरचीच्या वासाचं द्रव्यही तसंच कॅबरनेत आणि सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये असतं. लाल वाइन तोंडात घेतल्यावर हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात ते टॅनिन. कच्ची सुपारी चघळलेल्याला ते वेगळं समजवावं लागत नाही. प्रत्येक वाइनचा पहिला घोट नुसता, दुसरा खाण्यासोबत घ्यायचा. चेनिन शेंगा-बटाट्यांबरोबर, शिराझ कोंबडीच्या धुरकट पुडीबरोबर. लाल वाइन माशाबरोबर देऊ नका. लाल वाइनमधलं लोह माशाच्या तेलाशी मिळून तोंडाला लोखंडी चव आणतं. झणझणीत मसालाही टाळा, मद्याने तिखट दुप्पट जाळतं. कोंबडीला आलं-लसूण, हळद, बेताची मिरची पुरे.

एका ग्लास वाइनमागे एक ग्लास पाणी, ही जबाबदारी दरवर्षी एकाकडे असते. न पिणाऱ्याला त्याच काचेच्या ग्लासात कोकम सरबत द्या आणि वासाच्या वाट्यांच्या खेळात त्यालाच आधी विचारा. आमच्याकडे सगळ्यात नेमकं नाक न पिणाऱ्याचंच आहे. दहाला थांबायचं. रात्री समुद्रावर फेरी मारायची तर चालत. गाडीची किल्ली सकाळपर्यंत कुणाच्याच हातात नको. रक्ताच्या १०० मिलीत ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि अलिबागचे रात्रीचे रस्ते अरुंद, सायकलींचे, गुरांचे आहेत.

रविवार

कनकेश्वर मांडव्याच्या वाटेवरच आहे, म्हणून शेवटी ठेवायचा. सामान गाडीत भरून आठला मापगावला पोहोचा. रात्री दहाला थांबलेल्या, पाणी प्यायलेल्या माणसाला ही चढण जमते. कुणाला जड वाटत असेल तर त्याने खालीच थांबावं, आणि ज्याने गाडी चालवायची त्याने आदल्या रात्री एका ग्लासावरच थांबलेलं असावं. डोंगरावर चढायला सातशेहून अधिक दगडी पायऱ्या आहेत, राघोजी आंग्रे यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४ मध्ये बांधलेल्या. झाडी दाट आहे, चढ सावलीत होतो, तासाभरात वर. पुष्करणीच्या काठावर बसलं की कालच्या गडाची थकलेली पोटरी सैल होते.

पायऱ्या नको असतील तर ओहोटीला चालत कुलाबा किल्ला. वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे: तिथीला पाऊणाने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. हा अंदाज झाला; निघताना किनाऱ्यावरच्या माणसांना विचाराच, आणि पाणी चढायच्या आत परत या.

रिकाम्या बाटल्या आणि बुचं परत डब्यात घालून घरी न्या, वाडीच्या कुंपणाशी ठेवू नका; गुरांच्या पायात काच जाते. चेनिन उरली असेल तर झाकण लावून त्याच बर्फात ठेवा. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, आणि मंगळवारी रात्री घरच्या नारळाच्या रसातल्या कोलंबीबरोबर तो शेवटचा ग्लास मला दरवर्षी लागतो.